न केलेल्या सीझनचा पगार

देऊळघाट
२७ जून २०२४

करिष्मा,

वर आशीर्वाद लिहायचा असते, पण तो लिहावा की नाही ते अजून ठरलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तीन वर्षांनी तुले लिहून राह्यलो. शाळेतलं शुद्ध लिहायले घेतो अन् दोन ओळींत हात आपल्या बोलीवर येते, त्याले इलाज नाही. अन् एक सांगतो, हे पत्र मी टाकणार नाही. टाकायचं नाही म्हणूनच सगळं खरं लिहितो.

तुहं पत्र परवा आलं. मी अंगणात शेजारच्या बेबीताईच्या मिक्सरचं भांडं दुरुस्त करून राह्यलो होतो. पोस्टमननं पाकीट पुढं केलं अन् अक्षर पाहून माह्या हातचा पाना खाली पडला. बेबीताई उभीच होती, खुणेनं विचारे, मी वाचून दाखवू का? म्हटलं बाई, माहे कान गेले, डोळे शाबूत आहेत. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगच्या घरघराटात काढली तर कान जाणारच. तुले ते ध्यानात होतं म्हणून तू फोन केला नाही, पत्र टाकलं. तेवढी तरी बापाची आठवण ठेवली.

तू लिहिलं, "बाबा, तुम्ही बोलत नाही, पण दर महिन्याला खात्यात पैसे टाकता ते मला मिळतात. आधी रागाने हात लावला नाही. मग चंद्रशेखरची नोकरी गेली, मला दिवस गेलेले, घरभाडं थकलेलं, तेव्हा काढले. बाळंतपण त्याच पैशात झालं. मुलगी आहे. मधुवंती नाव ठेवलं. दिवाळीला तिला घेऊन येऊ का?"

मुलगी झाली ते वाचलं अन् ओट्यावर बसलो. मंग पैशाचं परत वाचलं अन् उठून उभा राह्यलो. कोणते पैसे वं? मी तुले एक रुपया टाकला नाही. टाकावा असं मनातही आलं नाही. उत्तमरावाच्या पोराशी तुहं जमवलं, मी शब्द दिला, पत्रिका छापायले दिल्या, अन् तू संभाजीनगरले कोर्टात जाऊन चंद्रशेखरशी लग्न करून मोकळी झाली. जलंबले उत्तमरावाच्या ओसरीवर मी एकटा जाऊन बसलो अन् त्यायच्या घरातल्या लहानथोरांचं ऐकून घेतलं. तेव्हा कान थोडेफार चालत होते, हेच वाईट झालं. तो राग माह्या अंगात अजून आहे. असा माणूस तुले पैसे टाकेल?

म्हणून आज बुलढाण्याले जाऊन बँकेत पासबुक छापून आणलं. ते खातं म्हणजे माह्या जिनिंगच्या पगाराचं. तू नर्सिंगले होती तेव्हा कार्ड तुह्याजवळ दिलं होतं, तुह्या खर्चापुरतं तू काढायची. जिनिंग सोडली तेव्हा मी स्लिप भरून सगळे पैसे काढले अन् ते खातं डोक्यातून गेलं. पेन्शन पोस्टात येते, तिच्यात भागते. मोबाईलवर बँकेचे इंग्रजी मेसेज यायचे ते जाहिरात समजून पुसून टाकायचो. अन् आता पासबुकात पाहतो तर मागच्या दसऱ्यापासून पुरे सात पगार जमा. जिनिंगचा पगार. जे काम मी केलंच नाही त्याचा.

जिनिंग कशी सुटली ते तुले माहीत नसेल. मशिनीच्या पट्ट्याजवळ एक माणूस ओरडला, बाजूले व्हा म्हणून, अन् मले ऐकूच आलं नाही. कोणाले काही लागलं नाही. पण मॅनेजर म्हणे, काका, आता तुम्ही घरी बसा. त्याचं बरोबर होतं. मले राग आलाच, तो भाग वेगळा. सामान उचललं अन् खामगाव सोडून देऊळघाटले आलो.

पण दसऱ्याच्या मुहूर्ताले जुने लोक जातातच, कामावर असो की नसो. मी पण गेलतो, प्रसादापुरता. आता जिनिंगची रीत अशी की मशिनींची पूजा झाली की शेठ रांगेतल्या एकेकाच्या हातावर सुपारी ठेवतात. ज्यानं सुपारी घेतली तो त्या सीझनले लागला. बोलणं नाही, सही नाही, सुपारी हीच सही. मोठे शेठ होते तेव्हा त्यायले चेहऱ्याचेहऱ्यानं माहीत होतं कोणाले द्यायची. ते वारले. धाकटे शेठ रांगेतून चालत आले अन् देत देत माह्याही हातावर ठेवली. आरती चालू, समोर देव, तिथं सुपारी कोणी परत करते का? घेतली. घरी आणून अडकित्त्यानं फोडली अन् खाल्ली. माह्या लेखी विषय संपला.

तिकडं वैजनाथ मुनीम ज्याच्या हातात सुपारी पडेल त्याचं नाव कॉम्प्युटरमधी चढवत होता. मी तिथला फिटर, अन् फिटरचा पगार महिन्यावर असते, त्याले रोजच्या हजेरीचा अंगठा नाही. खामगाववाले समजले असतील मी शेठच्या नांदुऱ्याच्या जिनिंगवर आहे, नांदुऱ्याचे समजले असतील खामगावले आहे. पगार मात्र बरोब्बर ठिकाणी गेला, तुह्या हातात.

तर असं आहे. शेठले माहीत नाही, तुले माहीत नाही, फक्त मले माहीत आहे. मी गप बसलो तर जगात कोणाचं काही बिघडत नाही. अन् बोललो तर तू दिवाळीले येत नाही. तुही माय गेली तेव्हापासून या घरात दोन ताटं एका वेळी वाढली गेली नाहीत. काय करू ते मले समजून नाही राह्यलं.

तुळशीराम


देऊळघाट
१ जुलै २०२४

चि. करिष्मा,

तुहं पत्र पोचलं. मुलगी झाली, चांगलं झालं. नाव जरा लांब आहे, आमच्या इकडं कोणाच्या तोंडात बसायचं नाही, पण तुम्ही ठेवलं ते ठेवलं.

पैशाचा विषय परत पत्रात काढू नको. बापाचे पैसे होते, पोरीनं घेतले, त्यात विचारायचं काय.

दिवाळीले ये. चंद्रशेखरले आणायचं की नाही ते तुह्यावर आहे. आणलं तर मी काही बोलणार नाही. घराले चुना मारून घेतो. पोरीचा एखादा फोटो असेल तर पाठव, मोबाईलवर नाही, कागदावर काढून पाठव.

तुहा बाप,
तुळशीराम


देऊळघाट
२० ऑगस्ट २०२४

करिष्मा,

खाली बस अन् मंग वाच. पोरगी मांडीवर असेल तर आधी तिले पाळण्यात टाक.

मागच्या पत्रात मी तुले खोटं लिहिलं. ते पैसे माहे नव्हते. मी टाकले नव्हते. जिनिंगच्या मुनिमाच्या चुकीनं माहा बंद झालेला पगार त्या खात्यात पडत गेला, ते मलेच माहीत नव्हतं. तुह्या पत्रानं मले समजलं.

मी गप बसणार होतो. खरंच बसणार होतो. दोन खोल्यांले चुना मारून झाला, बेबीताईनं पाळण्याचा दोर काढून दिला. अन् तुहं दुसरं पत्र आलं, फोटो आला. फोटो पाहून लय आनंद झाला. कपाळ तुह्या मायचं आहे. पण खाली तू लिहिलं होतं, "मधुवंतीला झोपवताना मी सांगते, तुझे आजोबा बोलत नाहीत, पण दर महिन्याला पगाराच्या दिवशी त्यांना आपली आठवण येते."

मले त्या दिवशी कोणाची आठवण आली नाही पोरी. त्या सात महिन्यांत एकदाही नाही. आली असेल तर रागानं आली. तुह्या लेकरानं हे खोटं ऐकत झोपावं अन् मी इथं चुना मारत बसावं, हे मले दोन दिवस जेवू देईना. तू एका गोष्टीवर भरोसा ठेवून तीन वर्षांचा राग सोडून दिला, नवऱ्याशी भांडून त्याले पटवलं की बाबांनी माफ केलं. अन् ती गोष्टच झाली नव्हती. मुनिमाची चूक म्हणजे बापाची माया, असं करून मी तुले घरात घेऊ कसा?

मंग मी खामगावले गेलो. आधी वैजनाथले भेटलो, कारण चूक त्याच्या हातची. त्यानं कॉम्प्युटरमधी पाह्यलं अन् त्याचा चेहरा उतरला. मले ऐकू येत नाही म्हणून तो पाठकोऱ्या कागदावर लिहून बोलते. त्यानं लिहिलं, "ज्याचे गेले त्याले समजलं नाही. तुम्ही काऊन उकरून राह्यले?" त्याची दोन वर्षं राह्यली आहेत नोकरीतून सुटायले. मी म्हटलं, तुह्यावर येऊ देत नाही.

धाकट्या शेठसमोर मी माह्यावरच घेतलं. म्हटलं, मुहूर्ताची सुपारी मी घेतली अन् सीझनले आलो नाही. जिनिंगच्या रीतीनं लबाडी माही झाली. मुनिमाचा काही दोष नाही, सुपारी घेतलेल्याचं नाव चढवणं हे त्याचं कामच आहे. शेठ आधी हसले. मंग मॅनेजरनं आकडा दाखवला तेव्हा हसणं थांबलं. कागदावर लिहून विचारलं, एकदम भरता का? मी म्हटलं, पेन्शन किती आहे ते सांगू का? मंग मीच म्हटलं, घेतलेल्या सुपारीचं काम बाकी आहे, ते करून देतो, पगार देऊ नका.

मॅनेजर मशीनजवळ जाऊ द्यायले तयार नाही. बहिऱ्या माणसाले फिटर ठेवत नाहीत, मीही ठेवला नसता. शेवटी कापसाच्या गंजीवर नजर ठेवायचं काम ठरलं. आवारात कापसाचे ढीग पडतात, तिथं कोणी बिडी पेटवू नये, कुठं धूर दिसला तर धावत सुटायचं. त्याले कान लागत नाहीत. पण त्या कामाचा पगार फिटरच्या अर्धा. म्हणून एका सीझनच्या जागी दोन सीझन करायचे. मी हाव, चालते म्हटलं.

हे सांगायचं कारण, तू त्या पैशाची काळजी करू नको, त्याचं मी पाह्यलं आहे. दिवाळीचं मात्र आता तुह्या मनावर आहे. जे खरं होतं ते सांगितलं. तू आली तर खरं माहीत असून ये.

बाबा


देऊळघाट
६ ऑक्टोबर २०२४

चि. करिष्मा,

तुहं पाकीट मिळालं. एवढ्या मोठ्या पाकिटात चार ओळी अन् ते बँकेचं कार्ड. "मला वाटलं होतं तुम्ही पाठवता. चूक माझीच. पैसे मी फेडीन, थोडा वेळ द्या. दिवाळीचं राहू द्या."

रागावली असती तर चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी पण दोन दिल्या असत्या अन् बोलणं तरी झालं असतं. हे थोडा वेळ द्या म्हणजे काय? मी काय पतसंस्था आहे का?

तू एक रुपया पाठवायचा नाही. पाठवला तर मी परत करीन. काऊन ते मले आत्ता नीट सांगता येत नाही, पण तू फेडायचं नाही हे पक्कं आहे. नवऱ्याले काम लागलं का ते लिही. पोरगी पालथी पडते का ते लिही. फेडायचं लिहू नको.

दसऱ्याले मुहूर्त आहे, मी आधीच्या दिवशी खामगावले चाललो. तिथं आवारात एक खोली दिली आहे, सीझनभर तिथंच. पत्ता मागच्या बाजूले लिहिला. बेबीताईनं पाळण्याचा दोर परत मागितला, म्हटलं राहू दे जरा दिवस.

बाबा


खामगाव
१९ जानेवारी २०२५

चि. करिष्मा,

दिवाळी झाली, संक्रांत झाली, तुहं काही आलं नाही. तरी लिहितो, कारण लिहिलं नाही तर मले दुसरं कोणाशी बोलायचं?

काम बसल्या जागचं आहे. सकाळी गाड्या लागतात, कापूस उतरतो, ढीग वाढत जातात. माह्यासाठी एक खाट ठेवली आहे, पण बसून चारी बाजू दिसत नाहीत म्हणून मी फिरतच असतो. आधी लोकायले वाटे, फिटर तुळशीराम अन् आता गंजीचा राखणदार? तोंडावर कोणी बोलत नसेल, अन् बोलत असेल तरी मले काय समजणार. बहिरेपणाचा तेवढा फायदा आहे.

मागच्या आठवड्यात एका कास्तकारानं ट्रॅक्टरच्या आडोशाले बिडी काढली. मी धावत गेलो अन् हातातली काडीपेटी हिसकली. तो लय बोलला. पंधरा मिनिटं तरी बोलला असेल. मी त्याच्या तोंडाकडं पाहत उभा राह्यलो अन् मले एकदम वाटलं, कोणीतरी माह्याशी बोलून राह्यलं. काय बोलते ते जाऊ दे, बोलून तर राह्यलं. पुरं होईस्तोवर मी हललो नाही.

माणसं मले हातानं सांगतात. ये, जा, जेव, थांब. एवढ्यात दिवस निघून जाते. संध्याकाळी भाजीवालीपाशी मेथी मागायले जातो तेव्हा घशातून आवाज निघत नाही, मंग समजते की सकाळपासून आपण एक अक्षर बोललो नाही. मधी तर मी खोलीत बसून मोठ्यानं तुह्या पोरीचं पुरं नाव घेऊन पाह्यलं. येते तोंडात. वाटलं तेवढं कठीण नाही. माहा आवाज मलेच ऐकू येत नाही, म्हणून किती मोठ्यानं म्हटलं माहीत नाही, पण बाजूच्या खोलीतला हमाल दारात येऊन पाहून गेला.

वैजनाथच्या घरून तिळगूळ आला होता. त्याची नोकरी आहे तशी आहे. तो आता रोज जेवताना माह्याजवळ येऊन बसते. डब्यातलं अर्धं माह्या ताटात टाकते.

तुहा फोटो नाही माह्यापाशी. पोरीचा आहे. तिच्यात तुह्या मायचं कपाळ दिसते, तुहं काय आहे ते ओळखू नाही येत. आता ती बसत असेल, धरून उभी राहत असेल. दुसरा फोटो मागणार नाही. मागितला असं समजू नको.

बाबा


खामगाव
९ नोव्हेंबर २०२५

चि. करिष्मा,

दुसरा सीझन लागला. उन्हाळाभर देऊळघाटले होतो. पोस्टमनले मी विचारणं सोडून दिलं, आता तोच लांबून हात हलवून नाही म्हणते. पण माही पत्रं परत आली नाहीत. पत्ता बदलला असता तर परत आली असती. म्हणजे कोणीतरी ती घेऊन राह्यलं. वाचते की चुलीत टाकते ते मी धरत नाही, घेते एवढं धरतो.

मुहूर्ताले या वर्षी धाकटे शेठ माह्यासमोर आले अन् थांबले. सुपारी द्यायची की नाही त्यायले कळेना, पगार तर द्यायचा नाही. मीच हात पुढं केला. म्हटलं द्या, घेतल्याशिवाय काम कसं करू. वैजनाथनं तिकडून नाव चढवताना माह्याकडं पाह्यलं अन् दोन्ही हात जोडले.

गुडघे दुखून राह्यले. मागच्या वर्षी दिवसभर फिरायचो, आता खाटेवर बसून बसून पाहतो. धुराचा वास मात्र लांबून येते. जेवणात काही विशेष नाही, भाकर, पिठलं, कधी वैजनाथच्या डब्यातलं. तब्येतीची काळजी करू नको. करत असशील तर.

तू काल माह्या सपनात आली होती अन् बोलून राह्यली होती. अन् मले सगळं ऐकू येत होतं. काय बोलली ते उठल्यावर आठवलं नाही, याचं लय वाईट वाटलं.

बाबा


खामगाव
२८ एप्रिल २०२६

चि. करिष्मास आशीर्वाद.

हा आशीर्वाद पहिल्या पत्रापासून लिहायचा राहून गेला होता. तेव्हा लिहावा की नाही ते ठरत नव्हतं. आता लिहिला.

काल सीझन संपला. आवार झाडून काढलं, ताडपत्र्या घड्या घालून ठेवल्या. वैजनाथनं मले ऑफिसात बोलावलं अन् कागदावर लिहिलं, "तुळशीरामभाऊ, फिटलं. तुमच्याकडं काही निघत नाही." मी त्याले बोटानं खूण करून परत विचारलं. त्यानं त्याच शब्दाखाली रेघ मारली. मंग तो उठला अन् माह्या गळ्यात पडला. ऑफिसात सगळे पाहत होते. तो पण येत्या महिन्यात सुटते. धाकट्या शेठनं त्याच कागदावर लिहिलं, पुढच्या सीझनले या, आता पगारावर या. मी म्हटलं, पाहू. मनात नाही.

रात्री सामान बांधलं, उद्या देऊळघाटले जातो. पण जायच्या आधी तुले एक गोष्ट लिहायची आहे. दोन वर्षं झाली ती मले नीट मांडता येत नव्हती. तू फेडू नको असं रागानं लिहिलं होतं अन् काऊन ते सांगता आलं नव्हतं, ते आता सांगतो.

तुह्यावर वाईट वेळ आली होती. नवऱ्याले काम नाही, पोटात लेकरू, घरभाडं थकलेलं. अशा वेळी तू मशीनमधी कार्ड टाकलं अन् पैसे निघाले. तुले वाटलं, बाप तिकडं बसून देऊन राह्यला. त्या भरवशावर तू ते महिने काढले. पैशानं काढले तेवढेच त्या भरवशानं काढले, हे तुह्या पहिल्या पत्रात दिसत होतं, मी ते लय वेळा वाचलं आहे. अन् तिकडं बाप काही देत नव्हता. बाप ओट्यावर बसून राग धरून होता.

पासबुक पाह्यलं त्या दिवशी मले शेठच्या पैशाचा घोर लागला होता, ते खरं आहे. पण त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. माह्या पोरीनं सात महिने ज्या बापावर भरवसा ठेवला तो बाप चांगला होता. रागावला तरी देत होता. असा बाप तुले असायले पाहिजे होता. तो नव्हता, याची मले लाज वाटली अन् रडू पण आलं, बेबीताईले विचार. मंग म्हटलं, तुळशीराम, तुले कोणी अडवलं आहे?

म्हणून मी पैसे एकदम भरायची जुळवाजुळव केली नाही. घरामागचं पडकं आवार विकून भरता आले असते, गिऱ्हाईकही होतं. पण ते विकलेल्या मातीचे झाले असते. मले ते पगाराचेच पाहिजे होते. तू काढले ते सात पगार, माह्या अंगमेहनतीचे, जसे तुले वाटले होते तसेच.

तेव्हा ते माहे नव्हते. कालपासून ते माहे आहेत. अन् ते मी तुले दिले. आता त्यात शेठचं काही नाही, मुनिमाचं काही नाही, बँकेचं काही नाही. तू काही देणं लागत नाही, ना त्यायले ना मले.

लग्नाचा राग अजून आहे. गेला असं लिहिलं तर ते परत खोटं होईल. पण तो आहे तसा राहील एका बाजूले, त्याच्यासाठी तू येणं थांबवायचं कारण नाही. येशील तर उन्हाळ्यात ये, नाही तर नको येऊ. मी आता तुले बोलावण्यासाठी हे लिहून नाही राह्यलो.

फक्त एक कर. मधुवंतीले झोपवताना ती गोष्ट सांगणं तू बंद केलं असेल. ती परत सांग. आजोबा आपल्याले पैसे पाठवत होते, असं सांग. ते खरं आहे. आजोबानं पाठवले, उशिरा पाठवले.

तुहा बाप,
तुळशीराम